पिकलेल्यांनीच यावे

लोक मला काणी म्हणतात, हे मला माहीत आहे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, कारण मग मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. पण पाठीमागे म्हणतात. म्हणोत बापडे.

उजवा डोळा मी लहान असतानाच गेला. सिन्नरकडच्या आमच्या गावात त्या साली देवी आल्या होत्या. माझ्याही अंगावर फोड उठले, तापानं मी फणफणले. डॉक्टर तालुक्याला होता, बैलगाडी दारात होती. पण आईनं उंबऱ्याला कडुलिंबाचा डहाळा बांधला आणि देवी कोपेल म्हणून सगळं घर कुजबुजत बोलायला लागलं. "उतरतील आपोआप," असं जो तो म्हणायचा. उतरल्या खऱ्या, पण जाताना डोळा घेऊन गेल्या. पुढे छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो आणि वडलांनी देव्हारा उचलून नदीत सोडला. माझ्यापुरता त्याला फार उशीर झाला होता.

उरला डावा. त्या एका डोळ्यावर मी सातवी पास झाले, लग्न होऊन नाशकात आले आणि द्वारकेजवळच्या भिकनशेठच्या छापखान्यात खिळे जुळवायला लागले. खिळा म्हणजे शिशाचं एकेक अक्षर. ते उलटं असतं. खणाखणांच्या पेटीतून एकेक उचलायचं, डाव्या हातातल्या लोखंडी पट्टीत ओळीनं बसवायचं आणि उलटंच वाचायचं. त्या पट्टीला आम्ही स्टिक म्हणतो. पहिल्या दिवशी भिकनशेठ हसले होते. "बाई, त्यात एकाच डोळ्याची," म्हणाले. मी त्यांना म्हटलं, "शेठ, अक्षर एका वेळी एकच उचलायचं असतं ना? मग एक डोळा पुरे." त्यानंतर ते माझ्या वाटेला गेले नाहीत.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. तुळशीची लग्नं उरकली होती, लग्नपत्रिकांची नुसती झुंबड होती. अशात एके दुपारी खिळा उचलता उचलता माझ्या डोळ्याच्या कडेला वीज चमकली. मला वाटलं, दिवा गेला. वर बघितलं तर दिवा शहाण्यासारखा जळत होता. घरी येऊन अंथरुणावर पडले, डोळा मिटला, तर मिटल्या डोळ्यातही तीच वीज. पांढरी, वाकडी, कडेकडेनं पळणारी.

मग काजळी पडायला लागली. कंदिलाची काच तडकल्यावर उडते ना, तसे काळे कण आणि धाग्याचे तुकडे डोळ्यासमोर तरंगायचे. डोळा फिरवला की तेही फिरायचे. मला वाटलं छपाईची शाई गेली असेल. नळाखाली डोळा धरून धरून लाल केला, तरी एक कण हलेना. आमचे हे, निवृत्ती, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "जागरणं नको करू. जरा पोटभर जेव." यांच्याकडे गाडीच्या प्रत्येक खडखडाटाला पाना असतो, बायकोच्या दुखण्याला मात्र जेवण.

आणि एक दिवस सकाळी जेवायला बसले तर ताटातलं मीठ दिसेना. मान वळवली तेव्हा दिसलं. खालच्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, एक करडी सावली येऊन बसली होती. ती पुसली जाईना की सरकेना.

तेव्हा मी एक चूक केली. मी म्हटलं, "अहो, माझ्या डोळ्यावर पडदा आलाय."

माझ्या सासूबाई, सखुबाई, चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू उमटलं. "पडदा व्हय? मंग घाबरती कशाला? मोतीबिंदू हाय तो! मला नव्हता का आला?"

आमच्याकडे मोतीबिंदूला पडदाच म्हणतात. सासूबाईंचा पडदा गेल्या वर्षीच्या शिबिरात काढला होता. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी तो पिकू दिला. आंबा आढीत घालावा तसा सगळ्या घरानं त्यांचा डोळा राखला. बुबुळ दुधासारखं पांढरं झालं, माणूस ओळखू येईना, तेव्हा कुठे शिबिरातले डॉक्टर म्हणाले, आता पिकला. कापून काढला, जाड भिंगाचा चष्मा दिला आणि म्हातारीला पुन्हा तांदळातले खडे दिसायला लागले. त्यामुळे डोळ्याच्या बाबतीत आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा.

"तुझा कच्चा हाय अजून," त्या म्हणाल्या. "कच्चा काढला की डोळा जातो बाई. पिकू दे. पौषात शिबिर हाय, तवा दाखवू. मी येईन ना संगं."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्या काळी डॉक्टरही हेच सांगायचे. आणि प्रेमानंच बोलत होत्या, म्हणून मला तोंड उघडता येईना. निवृत्तीही म्हणाले, "आई म्हणतेय ते बरोबर आहे. एकच डोळा आहे, उगाच घाई नको." एकच डोळा आहे म्हणून घाई नको! मला त्या क्षणी यांचा इतका संताप आला की भाकरी तशीच टाकून उठले आणि छापखान्यात गेले.

तिथे कोंडाजीराव बसलेले. बाजारात त्यांची धान्याची आडत. दर वर्षी फुकट नेत्रशिबिर भरवायचे. माणूस वाईट नव्हता. सासूबाईंना दृष्टी मिळाली ती त्यांच्याच शिबिरात. शिबिराच्या हँडबिलाचा मजकूर घेऊन आले होते. मी म्हटलं, आता हे विचारायला बरे.

"कोंडाजीभाऊ, माझ्या डोळ्यावर पडदा आलाय हो."

"अरे वा!" म्हणाले. खरंच, अरे वा म्हणाले. "मग पिकू द्या, लंकाबाई. शिबिरात तुमचं नाव पहिलं."

ते गेले. मी मजकुराचा कागद पेटीवर टाचला, स्टिक हातात घेतली आणि जुळवायला लागले. भव्य मोफत नेत्रशिबिर. स्थळ. वेळ. खाली कोंडाजीरावांचं नाव, त्यांच्या पदव्यांसकट दोन ओळी. आणि मध्ये ठळक टायपात घ्यायची ओळ: मोतीबिंदू पिकलेल्या रुग्णांनीच यावे.

'मोतीबिंदू' झाला. 'पिकलेल्या'चा 'पि' बसवला, 'क' बसवला. 'ले'साठी पेटीत हात घातला आणि परत स्टिककडे बघितलं तर खालची ओळ नव्हती. मी बोटांनी चाचपली. शिसं होतं, गार, जागच्या जागी. दिसत नव्हतं. सकाळी मिठाएवढी असलेली सावली आता हातापर्यंत चढली होती. विहिरीला पाणी चढतं तशी, खालून वर.

मी स्टूलावर बसले. खोटं कशाला बोलू, घाबरले मी. हा डोळा गेला की मी भिंतीला धरून चालणार. अक्षर गेलं, यांचा चेहरा गेला, स्वतःचं तोंड गेलं. आणि मग विचार करायला लागले. सासूबाई काय सांगायच्या? दुधात बघितल्यागत दिसतं. सगळीकडे सारखं. सावकाश, वर्षानुवर्षं. त्यांच्या डोळ्यात कधी वीज चमकली? कधी काजळी पडली? त्यांचा पडदा सकाळी मिठाएवढा आणि दुपारी हाताएवढा झाला का? शब्द तेवढा सारखा, बाकी काहीच सारखं नव्हतं.

आणि कुठून कोण जाणे, आईचा आवाज कानात आला. उतरतील आपोआप.

झालं. माझी भीती तिथेच मेली आणि तिच्या जागी राग आला. माझा एक डोळा घरच्यांनी उतरायची वाट बघण्यात घालवला आणि दुसरा पिकायची वाट बघण्यात घालवायला निघालेत! मी स्टिक टेबलावर आपटली. 'ले'चा खिळा उडून कुठे गेला ते मी बघितलंसुद्धा नाही.

"शेठ, मी चालले."

"कुठे? अहो, हँडबिल संध्याकाळी द्यायचंय!" भिकनशेठ ओरडले.

"हँडबिल पिकू द्या," मी म्हटलं आणि पायऱ्या उतरले.

डोळ्याच्या डॉक्टरांची पाटी मी येता-जाता वाचलेली होती. द्वारकेचा चौक ओलांडताना ट्रकवाल्यानं शिवी दिली, मी त्याला दुप्पट दिली. पायाखालचं दिसत नव्हतं, म्हणून मान खाली घालून, दुकानांच्या पायऱ्यांना हात लावत लावत गेले. दवाखान्यात बाकं भरलेली. कंपाउंडरनं विचारलं, "काय होतंय?"

"डोळ्यावर पडदा आलाय."

"मोतीबिंदू. मोतीबिंदूवाले शुक्रवारी. शुक्रवारी या."

पुन्हा तेच! शुक्रवारपर्यंत ती सावली कुठे चढली असती ते मला कळत होतं. मी दाराच्या मधोमध फतकल मारून बसले. "मी शुक्रवारपर्यंत इथेच बसते," म्हटलं. "माझ्यावरून उडी मारून जा."

कंपाउंडर चिडला, बाकावरचे लोक चिडले, एक गृहस्थ म्हणाले, रांग असते बाई. त्या गलक्यानं आतून डॉक्टर बाहेर आल्या. बाईच होत्या, तरुण. कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "काय चाललंय?"

मी तोंड उघडलं आणि जिभेवर आलेला 'पडदा' गिळून टाकला. ज्या शब्दानं सगळे मला माघारी पाठवत होते तो मी पुन्हा वापरणार नव्हते. जे दिसत होतं ते सांगितलं. "बाई, डोळा मिटला तरी आत वीज चमकते. काजळी तरंगते. आणि सकाळपासून खालून सावली चढतेय. आत्ता मला तुमचं तोंड दिसतंय, पदर दिसत नाहीये. दुसरा डोळा मला नाही."

डॉक्टरांच्या आठ्या गेल्या. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि सगळ्यांच्या आधी आत नेलं.

डोळ्यात औषध घातलं, अंधार केला, डोक्याला दिवा बांधून त्या कितीतरी वेळ माझ्या डोळ्यात बघत राहिल्या. मग दिवा काढून म्हणाल्या, "तुमच्या डोळ्याचा पडदा सुटलाय."

मला हसू फुटलं. रडू येत होतं आणि हसू फुटलं. "म्हणजे पडदाच ना हो? मी सकाळपासून तेच सांगतेय सगळ्यांना!"

"तो पडदा नाही. मोतीबिंदू डोळ्याच्या पुढच्या बाजूला असतो, त्याला महिने-वर्षं लागतात, तो थांबू शकतो. हा पडदा आत असतो, मागच्या भिंतीला चिकटलेला. त्याच्यावर चित्र उमटतं म्हणून आपल्याला दिसतं. तुमचा तो फाटलाय आणि ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा वरून सुटत आलाय. वीज आणि काजळी म्हणजे त्याची सूचना होती. सावली दिसली म्हणजे तो सुटायला लागला."

"मग शिबिरात..."

"शिबिराला तुम्हाला हाताला धरून आणावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि तेव्हा कोणाला काही करता आलं नसतं. अजून मधला भाग चिकटलेला आहे, तोच अक्षर वाचतो. आजच मुंबईला निघायचं. ऑपरेशन तिथे होईल."

त्यांनी स्वतः डेपोत फोन लावला. निवृत्ती आले ते हाताला ग्रीस तसंच घेऊन. दारातूनच म्हणाले, "अगं पण आई म्हणत होती..." डॉक्टर काही बोलायच्या आत मीच बोलले. "आईंचा पडदा वेगळा, माझा वेगळा. तुम्हाला गाडीतला गिअर आणि ब्रेक वेगळा कळतो ना? मग हेही कळून घ्या. आता चला." त्यांनी ग्रीसचे हात स्वतःच्या शर्टाला पुसले आणि मगच माझी पिशवी धरली. ते दिसलं मला, आणि माझा यांच्यावरचा राग तिथेच निम्मा झाला.

संध्याकाळच्या गाडीनं निघालो. डोळ्याला पट्टी, मान हलवायची नाही, आडवंच पडायचं, असा हुकूम होता. मी अख्ख्या बाकावर लांब झाले, डोकं यांच्या मांडीवर. इगतपुरीला कोणीतरी चढलं आणि खेकसलं, "बाई, उठा, बाक काय विकत घेतलंय?" मी पट्टीखालूनच म्हटलं, "हो, एक डोळा देऊन घेतलंय. दुसरा द्यायचा नाही म्हणून झोपलेय." खेकसणारा पुढच्या बाकाकडे गेला. कल्याणपर्यंत यांनी माझ्या डोक्यावरचा हात काढला नाही.

ऑपरेशन झालं. त्यानंतर उशांमध्ये डोकं अडकवून निजायचं. मी, जिला कोणी गप्प बसवू शकलं नव्हतं, दगडासारखी पडून राहिले. अंधारात मनातल्या मनात खिळे जुळवायची. सगळ्यात भीती वाटायची ती तेव्हा. उघडल्यावर काहीच नसलं तर? मग स्वतःलाच सांगायची, नसलं तर नसलं. पण कोणी पिकू दिला म्हणून नव्हे. मी लढले होते.

पट्टी काढली तेव्हा मोठे डॉक्टर बोटं नाचवत म्हणाले, "किती बोटं?"

"बोटं ठेवा तुमची," मी म्हटलं. "छापलेलं काहीतरी दाखवा."

नर्सनं औषधाच्या पुडीला गुंडाळलेला वर्तमानपत्राचा चिटोरा पुढे केला. अक्षरं पाण्यातल्यासारखी जरा वाकडी होती, खालची कड धूसर होती. ती अजूनही तशीच आहे. पण मी वाचलं. "कांद्याचे भाव कोसळले," असं होतं. तेवढी चांगली बातमी मी जन्मात वाचली नाही. मी हमसाहमशी रडायला लागले तर नर्स ओरडली, रडायचं नाही, डोळ्यावर ताण येतो.

घरी आले तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या, जाड चष्म्यातून माझ्याकडे बघत. पहिलं वाक्य काय? "कच्चाच काढला?" मी त्यांना जवळ बसवून सगळं सांगितलं, वीज, काजळी, सावली. त्यांनी चष्मा काढला. मग पदरानं भिंगं पुसत म्हणाल्या, "मी तुजं वाईट चितलं नव्हतं गं, लंके." मला माहीत होतं. मी त्यांना पोटाशी धरलं. माझ्या आईलाही कधी असं धरलं नव्हतं.

त्यानंतर मात्र म्हातारीनं वस्तीत उच्छाद मांडला. कोणी डोळा चोळला की ही पुढे. "वीज चमकती का? काजळी पडती का? सावली कुठून येती, खालून का वरून?" लोक हिला बघून डोळे चोळायचे थांबले.

पुढच्या हिवाळ्यात कोंडाजीरावांचं हँडबिल पुन्हा आलं. मजकूर तोच, तारीख तेवढी नवी. मी तो जुळवला. 'पिकलेल्या रुग्णांनीच यावे' ही ओळही जुळवली, कारण मोतीबिंदूवाल्यांसाठी ती खरीच होती. आणि तिच्या खाली, कोणाला न विचारता, मी माझी ओळ बसवली: डोळ्यात वीज चमकली, काजळी तरंगली किंवा सावली चढली, तर शिबिराची वाट पाहू नका. त्याच दिवशी डोळ्याचे डॉक्टर गाठा.

जागा पुरत नव्हती. म्हणून कोंडाजीरावांचं नाव मी बारीक टायपात एका ओळीत कोंबलं.

भिकनशेठनी प्रूफ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि यंत्र सुरू केलं. छापून झाल्यावर निवृत्ती दोन गठ्ठे खांद्यावर टाकून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाजीराव हँडबिल फडकवत आत आले. चेहरा लालबुंद. "लंकाबाई! हे काय? शिबिराची जाहिरात आहे की शिबिराला येऊ नका म्हणून दवंडी? आणि माझं नाव! भिंग लावून वाचायचं का लोकांनी?"

"ज्यांना वाचायचंय ते वाचतील," मी म्हटलं.

"तुम्हाला ही ओळ घालायला सांगितली कोणी?"

मी स्टूल सरकवून उभी राहिले आणि माझा डावा डोळा त्यांच्या तोंडासमोर नेला. "यानं. मागच्या वर्षी तुम्ही याला पिकू द्या म्हणाला होतात. तुमचं ऐकलं असतं, तर आज तुमचं नाव मोठ्या टायपात काय नि बारीक टायपात काय, मला दोन्ही सारखंच."

त्यांनी माझ्या डोळ्याकडे बघितलं, मग खाली हँडबिलाकडे. पण शेवटी माणूस आडत्याच. "ते ठीक आहे हो," पुटपुटले, "पण हे सगळे परत घ्या. मी दुसरे छापून घेतो."

"परत कुठून आणू?" मी म्हटलं. "आमच्या ह्यांनी काल डेपोतल्या गाड्यांना चिकटवलेत, प्रत्येक ड्रायव्हरच्या पाठीमागे. सिन्नरची गाडी पहाटेच गेली. सुरगाण्याची आत्ता घाट चढत असेल."

आणि मी पुढची लग्नपत्रिका जुळवायला घेतली.